थांबाशेठ खेळले तो रविवार

माझ्या भावोजींची लाँड्री आहे आणि त्यांच्याइतका थंड माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. गिऱ्हाईक शाई सांडलेला शर्ट घेऊन तावातावाने येतं, आत्ताच्या आत्ता घासा म्हणतं. भावोजी शर्ट उजेडाकडे धरतात, डागावर औषधाचे थेंब सोडतात आणि म्हणतात, "थांबा." मग स्टुलावर बसून डागाकडे बघत राहतात. शेवटी डागच कंटाळून निघून जातो. गल्लीने त्यांचं नाव थांबाशेठ ठेवलं, त्यालाही त्यांनी हरकत घेतली नाही. काउंटर माझी ताई सांभाळते. कपड्यांना नंबर टाचणं, तुटलेली बटणं लावणं आणि गिऱ्हाइकांशी भांडणं ही तिची खाती. भावोजींना भांडता येत नाही. सुरुवात व्हायच्या आतच त्यांचं समाधान झालेलं असतं.

टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये आमचा पोकरचा क्लब आहे. पत्ते मी वाटतो. वर्षातून एका रविवारी तिथे छोटी स्पर्धा होते आणि पहिल्या तिघांना दुसऱ्या शहरातल्या मोठ्या स्पर्धेत बसायला मिळतं. पहिला आला काय, तिसरा आला काय, मिळतं ते सारखंच. चौथा घरी जातो. चौघं उरले की त्याला बबल म्हणतात. तेव्हा भल्याभल्यांना घाम फुटतो. भावोजी मात्र तेव्हा खुर्चीत जरा सैलावून बसतात.

त्यांचं शास्त्र साधं आहे. बबलवर आपली पानं बघायची नाहीत, दुसऱ्यांच्या चिप्स, म्हणजे डावावर लावायच्या चकत्या, बघायच्या; त्या संपल्या की माणूस बाद. आपल्यापेक्षा कमी कुणाकडे असतील, तर पानं टाकून द्यायची आणि तो बाद व्हायची वाट बघायची. एकदा दोन राजे आले होते, तेही त्यांनी टाकून दिले. अख्खा हॉल हळहळला. भावोजींनी चहा मागवला आणि तिसरे आले. ते दर वर्षी तिसरेच येतात. मोठ्या स्पर्धेला जातात, तिथेही पानं टाकत बसतात, आणि परत आल्यावर हॉटेलचा जिना किती रुंद आहे ते ताईला सांगतात.

खेळ ताई त्यांच्याकडूनच शिकली, दुपारी दुकान रिकामं असताना, इस्त्रीच्या टेबलावर. मला विचाराल तर ती त्यांच्यापेक्षा चांगली खेळते. पण रविवारी दुकानात कुणीतरी लागतंच, आणि ते कुणीतरी नेहमी तीच असायची. या वर्षी मात्र जेवताना ती म्हणाली, "मीपण बसणार स्पर्धेला. दोघं मिळून जाऊ. तुमचा तो जिना तरी बघते."

"बस की," भावोजी म्हणाले.

रविवारी दुकानाला कुलूप लागलं. नवरा-बायको एकाच स्पर्धेत असले की लोक कान टवकारतात. एकमेकांना मदत करणं ही आमच्याकडे सरळ चोरी समजतात. म्हणून मी त्या दिवशी ताईशी पाणी हवंय का एवढंही बोललो नाही. संध्याकाळ व्हायच्या आत चौघं उरले. ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंपुढे चिप्सचा डोंगर होता. केमिस्ट आणि भावोजी यांच्याकडे अगदी सारख्या, मी मोजून पाहिल्या. ताईकडे चिमूटभर. पुढच्या डावात सक्तीच्या चिप्स टाकायची पाळी तिची होती, आणि तेवढ्यातच तिचं सगळं संपणार होतं.

म्हणजे भावोजींनी फक्त वाट बघायची होती. इतकी वर्षं तेच केलं होतं. फरक एवढाच की या वेळी बाद व्हायची होती ती समोर बसलेली त्यांची बायको.

मी पानं वाटली. ताईने पाहिली आणि टाकली. बाईंनी टाकली. केमिस्टने स्वतःच्या पानांकडे धड पाहिलंही नाही. भावोजींकडे बघून हसला आणि सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या.

"ऑल-इन. टाका थांबाशेठ, चहा माझ्यातर्फे."

भावोजींनी पानं उचलून पाहिली, मग ताईच्या चिप्सकडे पाहिलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पानं टाकली तर ते मोठ्या स्पर्धेला जाणार आणि ताई बहुधा घरी राहणार. खेळले तर, चिप्स सारख्याच असल्यामुळे, ते आणि केमिस्ट यांच्यातला एक जण बाद होणार, आणि कुणीही झाला तरी ताईची जागा पक्की. केमिस्टला हे सुचलं नव्हतं. ताईला सुचलं होतं.

"अहो, थांबा!" ती म्हणाली.

"दुसऱ्याच्या डावात बोलू नये," मी माझ्या सख्ख्या बहिणीला दम दिला. नियम आहे.

"खेळतो," भावोजी म्हणाले.

"काय?" केमिस्ट म्हणाला.

पानं उघडली. भावोजींकडे गुलाम आणि नव्वी. केमिस्टकडे सत्ती आणि दुर्री, म्हणजे निव्वळ कचरा. मग टेबलाच्या मधोमध दोघांच्या कामाची पाच पानं उघडायची असतात. मी चार मांडली, कुणालाच काही लागलं नाही. पाचवी सत्ती आली. कचऱ्याची जोडी झाली. भावोजी उठले आणि केमिस्टशी हात मिळवून त्यांनी खुर्ची नीट आत सरकवली. चौथे.

घरी जाताना ताईने त्यांना रस्ताभर फैलावर घेतलं. "गुलाम-नव्वीवर कुणी सगळं लावतं? मला शिकवताना काय सांगितलं होतंत?"

"दुसऱ्यांच्या चिप्स बघायच्या."

"मग?"

"बघितल्या ना."

ती रस्त्यातच उभी राहिली. "मला तुमच्याबरोबर जायचं होतं हो," म्हणाली, आणि रडली. भावोजी तिच्याजवळ उभे राहिले. मला त्यांचा रागही आला आणि मिठी मारावीशीही वाटली. मी समोरच्या दुकानातल्या बादल्या बघत राहिलो.

मोठ्या स्पर्धेच्या दिवशी मी लाँड्रीत डोकावलो. काउंटरवर भावोजी होते. नंबरांचा पार गोंधळ झाला होता. तरी प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगत होते, "ही मोठ्या स्पर्धेला गेलीय, खेळायला." ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही सांगत होते. एक गृहस्थ दुसऱ्याचीच पँट हातात नाचवत ओरडत होते. तेवढ्यात फोन आला. तिथे मधली सुटी झाली होती. ताई भरभर काहीतरी सांगत होती, आणि पँटवाल्यांच्या आवाजापुढे भावोजींना ऐकू येत नव्हतं.

"ओ, जरा गप्प बसा हो!" भावोजी ओरडले.

पँट खाली आली. मीही दोन पावलं मागे सरकलो.

"हां, बोल. त्याने सगळ्या पुढे ढकलल्या, मग?" भावोजींनी फोन दोन्ही हातांनी धरला होता. "मग तू काय केलंस? टाकलीस?"

"खेळले!" ताईचा आवाज दुकानभर ऐकू आला.