आमची बिनपाण्याची टाकी

आमच्या कोळीवाड्यातल्या टाकीत पाणी येऊन जमाना झाला. आम्ही म्हातारे तिच्या सावलीत जाळी विणतो, त्यामुळे किस्से मात्र ओव्हरफ्लो. ज्याला पटत नाहीत त्याने वाचू नयेत.

*

सरपंच सुनंदा एकदा टाकीखाली उभी राहून म्हणाली, "काळी पडली, शेवाळली. गावाची शोभा घालवते. पाडून टाकते."

आमचा हऱ्या सुई न थांबवता म्हणाला, "दर्यातनं परतताना पहिली हीच दिसते, पोरी. बायको मागनं."

"मग बायकोच्या सावलीत बसा!"

शेवटी ठरलं, शिमग्याच्या आत टाकी बघण्यासारखी करायची, नाहीतर पाडायची. आमची बसायची जागा जाणार म्हटल्यावर सगळे आळशी कामाला लागले.

*

रंगावरून भांडण. ज्याला त्याला आपल्या होडीचा रंग हवा. मी म्हणालो लाल, हऱ्या म्हणाला हिरवा. तंबाखूची देवाणघेवाण बंद! मग कोणाच्याच होडीला नाही असा रंग काढला, आभाळी. वर पांढरे ढगसुद्धा काढले. झकास दिसत होती, खोटं कशाला बोलू.

*

फुटक्या होडीच्या फळ्यांचे बाक केले. पहिली येऊन बसली सुनंदाची सासू. अंधार पडला तरी उठेना. सून न्यायला आली तर म्हणते, "इथं वारा हाय, माणसं हायेत. घरी काय, तुझी मीटिंग?"

आता गावातल्या साऱ्या सासवा तिथंच. जागा वाचवली आम्ही, आणि उभे राहतो आम्हीच.

*

मुंबईची एक पाहुणी फोटो काढताना मला म्हणाली, "काका, जरा सरका, टाकी झाकताय." जन्मात कोणी मला असं बोललं नव्हतं. सरकलो. फोटो चांगला आला.

*

तरी सुनंदाचं समाधान नाही. शिमग्याच्या तोंडावर एका धुरकट सकाळी ती ठेकेदाराला घेऊन आली. "रंग फासला म्हणून काय झालं? रिकामी ती रिकामीच."

सासू बाकावरून हलली नाही. "आधी मला पाड."

तेवढ्यात सुनंदाचा फोन वाजला. गावातल्या मोठ्या होड्या टाकी रंगवायच्या आधीच दर्यात गेलेल्या, त्यातली पहिली परतायची होती ती सुनंदाच्या नवऱ्याची. तिने वैतागून स्पीकर लावला.

"कुठे आहात?"

"भलतीकडंच, किहीमला. होडी वाळूत रुतली. टाकी दिसलीच न्हाय. पाडलीस काय गं?"

आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. आभाळी टाकी, मागे आभाळ.

सुनंदाने फोन बंद केला. ठेकेदाराकडे वळली.

"तुमच्याकडे पिवळा ऑइलपेंट आहे का? भडक."