हलगरे सरांच्या सहीचं पत्र

नांदेडात पीएच.डी. करणाऱ्याची दोन माणसांशी गाठ पडतेच. एक त्याचे गाइड आणि दुसरा दस्तगीरभाई. गाइड जागेवर भेटतीलच असं नसतं, दस्तगीरभाई मात्र सकाळी दहाला दुकान उघडून बसलेला असतो. विद्यापीठाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं एका खणाचं दुकान आहे. पुढे दोन संगणक आणि मागे प्रबंध दाबून ठेवायचा जुना लाकडी शिकंजा. वडील इतवाऱ्यात जिल्दसाज होते. कुराणं आणि पोथ्या दोन्ही त्याच सुईदोऱ्याने बांधायचे. दस्तगीरभाईने त्याला टायपिंगची जोड दिली. तीस वर्षं इतरांचं संशोधन टाइप करून आणि बांधून त्याला इंग्रजी चांगलं वाचता यायला लागलं. शास्त्र काही येत नाही, आणि येतं असा आवही तो आणत नाही.

पूर्वी त्याला एक खोड होती. पदवी मिळायच्या कितीतरी आधीच तो प्रत्येकाला डॉक्टर म्हणायचा. त्यात चेष्टा नसायची. एवढी वर्षं राबणाऱ्याला कुणीतरी लवकर म्हणावं, असं त्याला मनापासून वाटे. ही खोड सत्यमच्या पायी सुटली.

सत्यम इस्लापूरचा. प्राध्यापकाच्या नोकरीच्या मुलाखतीआधी त्याला एक लेख घाईने छापून हवा होता, म्हणून दस्तगीरभाईने जर्नल शोधून दिलं. गुळगुळीत कागद, जाड कव्हर आणि कव्हरावर आयएसएसएन नंबर. नंबर आहे म्हणजे सरकारची मान्यता असणारच, असा त्याचा पक्का समज. लेख आठ दिवसांत छापून आला. मुलाखत घेणाऱ्यांनी जर्नलचं नाव वाचलं आणि आत न बघताच अंक बाजूला सारला. सत्यम एका शब्दाने बोलला नाही. रस्त्यात दिसला तर सलामही करतो, पण दुकानाची पायरी पुन्हा चढला नाही. त्याने भांडण केलं असतं तर दस्तगीरभाईला बरं वाटलं असतं. तेव्हापासून कुणाला आधीच डॉक्टर म्हणायला त्याची जीभ धजेना.

नंबराचं खरं काय ते नंतर अमरेश हलगरे सरांनी सांगितलं. सर लातूरला वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि दर दिवाळीच्या सुट्टीत जुन्या जर्नलांचे गठ्ठे बांधून घ्यायला नांदेडला यायचे. लातुरात बाइंडर नव्हते असं नाही, पण त्यांना दस्तगीरभाईची शिवण आवडे. ते म्हणाले, "नंबर म्हंजे नुसती ओळख रे. रिक्षालाबी नंबर असतो, त्यावरून रिक्षा कुठं नेऊन सोडंल ते कळत न्हाई." मग स्टुलावर बसून त्यांनी सगळं समजावलं. खऱ्या जर्नलात लेख गेला की दोन अनोळखी जाणकार तो वाचतात, चुका काढतात, परत धाडतात. त्याला महिने लागतात. दोन दिवसांत होकार आला तर कुणी वाचलंच नाही असं समजायचं.

त्या दिवसापासून दस्तगीरभाईने शंभर पानी वही घातली. कुठल्या जर्नलने किती दिवसांनी उत्तर दिलं, काय विचारलं, सगळं तो त्यात लिहून ठेवी. सर वारले त्या वर्षी वही भरली आणि त्याने दुसरी घेतली.

गेल्या फेब्रुवारीत रुद्राणी पेढे घेऊन दुकानात आली. ती शिरूर अनंतपाळची, लातूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. तालुक्यातल्या चाळीस घरांतून सोयाबीनचं राखणीचं बियाणं गोळा करून, कुठल्या साठवणीत बुरशी कमी लागते हे तिने पाच वर्षं तपासलं होतं. बायका तिला बुरशीवाली बाई म्हणायच्या. तिचे तक्ते तिच्या वहीवरून दस्तगीरभाईनेच टाइप केले होते. जूनमध्ये कायमच्या जागा भरायच्या होत्या आणि त्याआधी लेख छापून आला तरच तिला आशा होती.

"लेख लागला, चाचा," तिने मोबाइल पुढे केला. "गाइड सरांनीच हे जर्नल सांगितलं. दोन दिवसांत होकार आला."

दस्तगीरभाईने चष्मा लावून पत्र वाचलं. काम अत्यंत मौलिक आहे, लेख पूर्णपणे निर्दोष आहे, एकही दुरुस्ती नको, शुल्क भरताच छापू. खाली सही होती प्रा. अमरेश हलगरे, मुख्य संपादक. शेजारी सरांचा फोटोही होता.

हातातला पेढा त्याने परत डब्यात ठेवला.

"हे कधी आलं, मॅडम?"

"परवा."

"हलगरे सरांना जाऊन तीन वर्षं झालेत. मी सोता मातीला गेलतो लातूरला."

रुद्राणीने पत्र पुन्हा वाचलं. "मग हे कुनी लिवलं?"

"कुनीबी न्हाई. समद्यांना हेच पत्र जात आसंल. सरांचं नाव आन् फोटू कुठून तरी उचललाय."

तिने पेढ्यांच्या डब्याला झाकण लावलं. मग म्हणाली, "पाच वर्षांत माझ्या कामाला चांगलं म्हननारा हा पयला मानूस होता, चाचा."

दस्तगीरभाईला गलबलून आलं. तिचं म्हणणं खरं होतं. पण त्याला हेही ठाऊक होतं की लेख एकदा तिथे छापला की तो दुसरीकडे देता येत नाही. मग चाळीस घरांचं बियाणं आणि पाच वर्षं त्या एका गुळगुळीत अंकात कायमची अडकून पडणार. हे त्याने तिला सरळ सांगितलं. जूनची संधी हुकू शकते, हेही लपवलं नाही.

"मग देऊ कुठं?" तिने विचारलं.

त्याने तिच्या लेखाचं शेवटचं पान उघडलं. जर्नल निवडायची सरांची रीत हीच होती. आपण ज्यांचं वाचून काम केलं त्यांची यादी तिथे असते, आणि जे नाव सारखं येतं तिथे आपल्या कामाचा वाचक असतो. दोघांनी बोट ठेवून मोजलं. बियाण्यांवरच्या एका जर्नलचं नाव अकरा वेळा आलं होतं.

"ते लई मोठं हाय. आपलं कशाला घेतील?"

"न्हाई घेऊ द्या. वाचतील तर."

नुसत्या नावावर आता तो विश्वास ठेवणार नव्हता. संपादक मंडळावर धारवाडच्या एक बाई होत्या, त्यांना रुद्राणीकडून ई-मेल लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: हो, मी मंडळावर आहे, जरूर पाठवा, चार-पाच महिने धीर धरा. लेख गेला.

सरांचं नाव काढून टाका, असं दस्तगीरभाईने त्या आधीच्या खोट्या जर्नलला स्वतः कळवलं. उलट टपाली पत्र आलं: 'प्रिय डॉ. दस्तगीर, आपल्या संशोधनाची कीर्ती ऐकून आहोत, आपला लेख आम्हाला द्यावा.' खाली सही हलगरे सरांचीच. तो आधी हसला. मग संगणक बंद केला आणि दुपारभर एका प्रबंधाची शिवण घालत बसला.

जून आला आणि गेला. रुद्राणीच्या अर्जात लेखाचा रकाना रिकामा राहिला आणि तिला मुलाखतीला बोलावणंच आलं नाही. तिने फोनवर हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच दस्तगीरभाईला सत्यम आठवला. एकाचं आपण घाईने वाटोळं केलं, दुसरीचं धीराने केलं, असं त्याला वाटत राहिलं. वहीत बियाण्यांच्या जर्नलपुढे त्याने लेख पाठवल्याची तारीख लिहिली होती, पुढची जागा कोरी होती.

जुलैच्या शेवटी ती आली ती छापील तीन पानं घेऊन. लेख नाकारला नव्हता, दुरुस्त करून परत मागवला होता. एका जाणकाराने थोडक्यात बरं म्हटलं होतं, दुसऱ्याने अठरा हरकती काढल्या होत्या.

"ही सातवी बघा," ती म्हणाली.

दस्तगीरभाईने वाचलं. तक्ता तिसरा, साकोळ गावची ओळ: बियाण्यातला ओलावा एकवीस टक्के दाखवलाय, इतक्या ओल्या बियाण्याला बुरशी एवढी कमी कशी? कृपया आकडा तपासावा.

त्याने कपाटातून तिच्या वहीची झेरॉक्स काढली. साकोळच्या ओळीत, तिच्या अक्षरात, स्वच्छ अकरा लिहिलेले होते.

"चूक माझी हाय," तो म्हणाला. त्याने झेरॉक्स तिच्यापुढे धरली. "म्या एकवीस मारलं. तुमी बघितलं, गाइड सरांनी बघितलं, कुनालाच दिसलं न्हाई."

"निर्दोष म्हनलं होतं त्या पत्रात," रुद्राणी म्हणाली. तिने बोट साकोळच्या ओळीवर ठेवलं आणि तसंच राहू दिलं. "ह्यानं साकोळची ओळ वाचली, चाचा. कोन कुठला, साकोळ कुठं हाय ह्येबी ठाऊक नसंल त्याला. पर वाचली."

तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. दस्तगीरभाईने संगणक सुरू केला, तिसरा तक्ता उघडला आणि एकवीसचे अकरा केले. मग पायाने स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"बसा, डॉक्टर," तो म्हणाला. "सतरा राहिल्यात."