सदामास्तरांचा ताल

सदामास्तर ढोकीत स्वतःला संगीतकार म्हणवून घेत आणि आम्ही ते चालवून घेत होतो, कारण गाणं रेकॉर्ड करायची दुसरी सोय गावात नव्हती. ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानामागे त्यांची खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, मधे एक कॉम्प्युटर आणि एक कीबोर्ड. गायक समोर बसला की मास्तर डोळे मिटून बराच वेळ ध्यानस्थ बसत. मग एक बटण दाबत. झुलत झुलत चालणारा, पोटात घुमणारा एक ताल सुरू होई. नेहमी तोच.

त्या एका तालावर त्यांनी सोनारीच्या काळभैरवाचं गाणं केलं, एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं केलं आणि त्याच पुढाऱ्याला पाडायला निघालेल्या उमेदवाराचंही केलं. प्रत्येकाला सांगत, "हा ताल म्या फकस्त तुमच्यासाठी बांधला. दुसऱ्याला शोभायचा न्हाय." बटणावर इंग्रजीत 'रेगे' छापलं होतं. मी बोट ठेवून विचारलं, तर न अडखळता म्हणाले, "व्हय, मुंबईचे रेगेसाहेब. लई मोठा माणूस. त्यांनीच दिला." रेगे हे दूरच्या कुठल्याशा बेटावरचं संगीत; त्यांनी ते आडनाव समजून एका दमात कोकणात आणून बसवलं.

माझी आई जन्मभर ऊस तोडत राहिली, पण मला तिनं शाळेतला गुरुजी केलं. ती गेल्यावर मी तिच्यावर गाणं लिहिलं आणि मास्तरांना हात जोडून नवा ताल मागितला. त्यांनी छातीवर हात ठेवून कबूल केलं आणि ताल मागाहून भरतो म्हणत माझा नुसता आवाज रेकॉर्ड करून घेतला. भीमजयंतीला वस्तीत ते गाणं पहिल्यांदा लावलं. ताल सुरू होताच पोरं पुढाऱ्याच्या नावाच्या घोषणा देत नाचायला लागली. त्यांना वाटलं, वाढदिवसाचंच गाणं लागलं. आईचं पहिलं कडवं कुणालाच ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी जाब विचारला. मास्तर चहा गाळत होते.

"गुरुजी, ताल म्हंजी रस्ता. तुमची आई बी त्यावरून जाती, पुढारी बी जातो. रस्त्यावर कशाला रुसता?"

तो चहा मी घेतला नाही. पुन्हा त्या खोलीत पाऊलही टाकलं नाही.

गेल्या वर्षी मास्तर झोपेतच गेले. त्यांच्या पत्नीनं, शांताबाईंनी, निरोप धाडला म्हणून शोकसभेला गेलो. त्यांच्याकडे गाऊन गेलेले आम्ही पाच जण होतो. एकमेकांशी धड बोलणारे दोघंही नव्हते. कुणाही एकाचं गाणं लावलं तर बाकीचे फुगतील, हे त्या बाईंना मास्तरांपेक्षा चांगलं कळत होतं. त्यांनी नुसता ताल लावला. हा आपल्याचसाठी आहे, असं पाचही जणांना वाटलं आणि पाचही जण एकदम सुरू झाले. भैरव, पुढारी, त्याचा वैरी, कुणाचं तरी लग्न आणि माझी आई. सगळा गोंधळ. मला हसूही आलं आणि चीडही. पण कुणी मागे हटेना.

मीही थांबलो नाही. आईची चारही कडवी मी त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांसमोर पुरी गायली.