सगळ्यात मोठं फोल्डर

माझ्या नवऱ्याला आमच्या गल्लीत सगळे 'दोन मिनिटं' म्हणतात. दार वाजू दे, फोन येऊ दे, जेवायला हाक मारू दे, आतून उत्तर एकच. "दोन मिनिटं!" ती किती लांबतात हे लोकांना आता पाठ झालंय, त्यामुळे येणारा माणूस मुकाट्याने खुर्ची ओढून बसतो.

तो व्हिडिओ एडिटर आहे. शाळांची संमेलनं, निवृत्तीचे समारंभ, सोसायटीच्या सभा, जे येईल ते शूट करतो आणि कापून-जोडून देतो. घराची पुढची खोली म्हणजेच त्याचा स्टुडिओ. तिथे दोन स्क्रीन, एक सतत घरघरणारा कॉम्प्युटर आणि टेबलाखाली हार्ड डिस्कचा ढीग. प्रत्येक डिस्कवर त्याच्या अक्षरात चिठ्ठी: 'पूर्ण भरली. हात लावू नये.' केर काढताना मी रोज त्या चिठ्ठ्यांना शिव्या घालते.

कारण हा माणूस काहीही डिलीट करत नाही. चौदा वर्षांपूर्वी एका कारखान्यातल्या मॅनेजरच्या निरोप समारंभाचं सहा तासांचं शूटिंग आमच्याकडे अजून सुखरूप आहे. 'फायनल', 'फायनल दोन', 'खरंच फायनल' आणि 'हेच फायनल', अशी त्याची चार फोल्डर आहेत. मी म्हणते, "अरे, त्या मॅनेजरला तरी आठवत असेल का?" तर म्हणतो, "आणि कुणी विचारत आलं तर?" चौदा वर्षांत कुत्रंसुद्धा विचारत आलेलं नाही.

मग व्हायचं तेच होतं. डिस्क काठोकाठ भरली की कॉम्प्युटर रडायला लागतो. एक बटण दाबलं की चाक फिरत बसतं, चित्र अडखळतं, आणि नवरा माऊस आपटतो. अगदी गळ्याशी आलं की मग त्याची साफसफाई सुरू होते. तिची पद्धत ठरलेली. फोल्डर आकाराप्रमाणे लावायची, आणि चालू कामातलं जे सगळ्यात मोठं आणि बिनकामाचं दिसेल ते उडवायचं. जुन्याला मात्र हात लावायचा नाही. ही पद्धत एक दिवस घात करणार हे मी शंभरदा सांगितलं होतं. माझं कोण ऐकतंय?

त्यातच बाईंचं काम आलं.

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. अर्धी गल्ली त्यांच्या हाताखालून गेली आहे, माझा नवरासुद्धा. त्यांच्या घशाला कॅन्सर झाला होता आणि शुक्रवारी ऑपरेशन करून स्वरयंत्रच काढणार होते. त्यांची मुलगी सात महिन्यांची गरोदर. येणाऱ्या नातवंडाला आपला आवाज ऐकू यावा म्हणून बाई तीन दिवस आमच्या त्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बसल्या. रोज एक तास. गोष्टी सांगितल्या, पाढे म्हणून दाखवले, दूध सांडल्यावर रागवायचं कसं तेही खणखणीत रागावून ठेवलं. डॉक्टरांनी बोलणं मोजकंच ठेवायला सांगितलं होतं, म्हणून कॅमेरा बंद झाला की त्या वहीवर लिहून बोलायच्या. गुरुवारी दुपारी येऊन त्या सगळं बघणार होत्या. काही राहिलं असेल तर बोलून टाकायला तेवढाच दिवस होता.

मोठ्या फायली कॉम्प्युटरला झेपेनात, म्हणून नवऱ्याने त्यांच्या हलक्या प्रती करून घेतल्या होत्या. छोटं चित्र, आवाज नाही. काम करताना चित्र हलक्या प्रतीतून चालायचं आणि आवाज मूळ फायलीतून. एरवी मूळ फायलींची दुसरी प्रत तो बाहेरच्या डिस्कवर ठेवतो. या वेळी एकाही डिस्कवर जागा नव्हती. "उद्या करतो," म्हणाला. आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुसून दुसऱ्या कामाला घेऊन गेला.

गुरुवारी सकाळी पूर्ण फिल्मची शेवटची फाइल काढायला बसला, तर 'जागा अपुरी'. याने फोल्डर आकाराप्रमाणे लावली. सगळ्यात वर होतं ते त्याने उडवलं, कचरापेटीही रिकामी केली. मग दोन मिनिटं फिल्म चालवून पाहिली. चित्र छान पळत होतं. पहाटेपासून तो रंग दुरुस्त करत होता, आणि रंग बघताना तो आवाज बंद ठेवतो.

मी स्वयंपाकघरात होते. "अगं," एवढंच ऐकू आलं. त्या आवाजाने मी हातातलं टाकून धावले. स्क्रीनवर आवाजाच्या जागी लाल पट्टे होते, म्हणजे मूळ फायली गायब. उडवलेलं ते सगळ्यात मोठं फोल्डर बाईंच्या मूळ फायलींचं होतं. उडवलेल्या फायली परत आणायचा प्रोग्रॅम त्याने चालवला, ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "नवीन प्रकारची डिस्क आहे ना? तिच्यात उडवलेलं लगेच पुसलं जातं. आणि त्यावर पुन्हा फिल्म काढायला घेतलीस? मग सोड आशा." उरल्या होत्या त्या हलक्या प्रती. त्यात बाई हात हलवत होत्या, ओठ हलवत होत्या आणि आवाज शून्य. मला इतका संताप आला की मी त्याला नको नको ते बोलले. 

तीन वाजता बाई आणि मुलगी आल्या. नवऱ्याने मान खाली घालून सांगून टाकलं. बाईंनी वहीवर लिहिलं, 'किती गेलं?'

"सगळं, बाई. चित्र आहे. आवाज नाही."

बाईंनी स्क्रीनवरच्या स्वतःकडे पाहिलं. मग वही मिटून मोठ्याने म्हणाल्या, "कॅमेरा लाव."

"आई, नको," मुलगी म्हणाली.

"लाव म्हटलं ना."

आणि कार्ड भरलेलं! काल शाळेच्या खेळांचं शूटिंग झालं होतं, ते उतरवायला तेव्हा कॉम्प्युटरवर जागा नव्हती, आणि आता तिथे काही टाकलं तर उरलीसुरली आशाही जाईल म्हणून नवरा उतरवू देईना. मी त्याला बाजूला सारलं, बाहेरची डिस्क जोडली आणि मॅनेजरची चारही फायनल निवडली. त्याने माझं मनगट धरलं.

"कुणी विचारत आलं तर?"

"माझं नाव सांग!" मी डिलीटचं बटण दाबलं. खेळ त्या डिस्कवर उतरवले आणि कार्ड मोकळं केलं.

बाई एकोणीस मिनिटं बोलल्या. पाढे गाळले, रागावणं गाळलं, फक्त गोष्टी घेतल्या. दुसऱ्या गोष्टीत आवाज चिरकायला लागला. तिसऱ्या गोष्टीत, "आणि दार उघडून बघतो तर काय," इथपर्यंत आल्या आणि पुढे नुसती हवा आली. पाणी प्यायल्या, मान ताठ करून पुन्हा प्रयत्न केला. काही नाही. शेवटी त्यांनीच हाताने 'पुरे' केलं.

नवऱ्याने त्या एकोणीस मिनिटांच्या तीन प्रती केल्या. मी डोक्यावर उभं राहून करवून घेतल्या, आवाज लावून तपासायला लावल्या.

निघताना मुलगी खाली वाकून बाईंच्या चपला सरळ करत होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "सगळं नाही, पण थोडं तरी मिळालं."

तिने वर पाहिलं. आवाज चढवला नाही.

"आज सकाळपासून आई एक शब्द बोलली नव्हती," ती म्हणाली. "संध्याकाळी माझ्याशी बोलायचं म्हणून राखून ठेवलं होतं तिनं."

मी सॉरी म्हणाले. तिने मान हलवली आणि आईला धरून हळूहळू जिना उतरली.