फलाट क्रमांक दोनवर लसूण

बसस्थानकातल्या चौकशीच्या खिडकीच्या वरती एक काचेची खोली आहे. आत टेबल, टेबलावर माइक आणि माइकसमोर एक बाई. तिचं खरं नाव घरच्यांना आणि कचेरीला ठाऊक असेल, बाकी सगळ्यांसाठी ती सूचनाबाई. आवाज असा, की गाडी सुटून गेल्याचं तिच्या तोंडून ऐकलं तरी माणसाला बरं वाटावं. एकदा त्या खोलीतच तारा जळून धूर झाला, तेव्हाही तिनं त्याच सुरात सांगितलं, "सूचना कक्षात आग लागलेली आहे. प्रवाशांनी घाबरून जाऊ नये. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." कुणी घाबरलं नाही. लोक बाकावर बसून निवांत बिस्किटं खात होते आणि आग विझवणाऱ्यांना गर्दीतून वाट काढताना घाम फुटला.

हा झाला तिचा बाहेरचा आवाज. घरचा आवाज वेगळा होता. दारात चप्पल काढली, पर्स खुंटीला अडकवली की तो सुरू व्हायचा आणि झोपेपर्यंत थांबायचा नाही. टॉवेल पलंगावर का, नळ टपकतोय तो दिसत नाही का, आणि दिसतो तर मग हात कुणाच्या बापाने बांधलेत? तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीत, तेलाने माखलेल्या दोरांच्या संगतीत एकटाच असतो. घरी आला की तोही उलट बोलायचा. ती एक म्हणायची, हा दोन म्हणायचा, आणि शेजारपाजारच्यांना टीव्हीचा आवाज वाढवावा लागायचा. एकूण काय, दोघांचं छान चाललं होतं.

मग नवऱ्याच्या जिभेने घात केला. त्याच्या साहेबांकडे जेवण होतं. साहेब म्हणाले, "वहिनी, गाडी दाराशी उभी असताना मी कधी कधी बसने जातो, ते केवळ तुमचा आवाज ऐकायला. काय तो गोडवा!" एवढ्यावर गप्प बसावं की नाही? पण नाही. लिफ्टवाला म्हणाला, "घरी या एकदा ऐकायला. फळीवरची भांडी खाली येतात." सगळे पोट धरून हसले. तीही हसली. तिचं ते हसणं पाहून तरी त्याने सावध व्हायला हवं होतं, पण त्याला वाटलं, आपला विनोद जमला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दाढी करत असताना स्वयंपाकघरातून आवाज आला. "कृपया इकडे लक्ष द्या. चहा टेबलावर लागलेला आहे. संबंधितांनी थंड होण्यापूर्वी आपली जागा घ्यावी."

तो हसला. ती हसली नाही.

अबोला त्याला नवा नव्हता. पण अबोल्यात निरोप सांगायला घरात तिसरं माणूस लागतं, आणि यांची मुलगी लग्न होऊन कधीच आपल्या घरी गेली होती. म्हणून सूचनाबाईने स्वतःपुरता नियम काढला. सूचना ही कुणा एकाला उद्देशून नसते, सबब सूचना देणं म्हणजे बोलणं नव्हे. या नियमाखाली संसार चालू राहिला. वीज गेली की "तांत्रिक कारणामुळे", भाजी उरली की "प्रवाशांच्या सोयीसाठी जादा फेरी". तिला चिडवावं म्हणून त्याने मुद्दाम ओला टॉवेल पलंगावर टाकला आणि दाराआड उभा राहून वाट पाहिली. ती आली, तिनं पाहिलं. "पलंगावर एक बेवारस टॉवेल आढळलेला आहे. संबंधितांनी तो ताबडतोब घेऊन जावा. इतरांनी त्यास हात लावू नये." टॉवेल तसाच पडून राहिला. शेवटी त्यानेच मुकाट्याने उचलून वाळत घातला.

वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी तर एकदा "थोड्याच वेळात सुटण्याच्या तयारीत" एवढंच ऐकलं आणि ते पिशवी घेऊन, बूट घालून जिन्यात येऊन उभे राहिले. ती दुधाच्या उतू जाण्याबद्दल बोलत होती.

लिफ्टवाल्याला घरात करमेना. घर कसं झाडलेलं, पुसलेलं, शांत, आणि आपण कुठल्या तरी गाडीसाठी थांबलोय असं त्याला सारखं वाटायचं. त्याने स्वयंपाकघरात जाऊन माफीही मागून पाहिली. "चुकलं गं माझं," तो म्हणाला. "आपली तक्रार नोंदवून घेण्यात आलेली आहे," ओट्याकडून उत्तर आलं. तेव्हा त्याच्या टाळक्यात उजेड पडला. चार लोकांत केलेली चेष्टा ओट्यापाशी पुसली जात नाही, ती चार लोकांतच पुसावी लागते. पण ते चार लोक आणायचे कुठून?

ते आपल्या पायांनी आले. एका संध्याकाळी साहेबांचा फोन आला. "अरे, आम्ही दोघं तुमच्याच भागात आहोत. तू बोलावलं होतंस ना वहिनींचा घरचा आवाज ऐकायला? अर्ध्या तासात पोचतो. जेवायलाच या म्हण ना!" आणि स्वतःच्याच विनोदावर हसत त्यांनी फोन ठेवला.

हा माणूस टोमण्याला आमंत्रण समजला होता. लिफ्टवाल्याने कपाळाला हात लावला, पण लगेच काढलाही. हीच ती वेळ. साहेबांसमोर, साहेबांच्या बायकोसमोर हात जोडून सांगायचं, की मी मूर्खासारखा बोललो. मग तरी ती बोलेल. नाही बोलली तर या घरात उरलेला जन्म दिलगिरी ऐकत काढायचा. तो स्वयंपाकघराकडे धावला.

फ्रिजमध्ये साफ केलेल्या माकुळाच्या, म्हणजे स्क्विडच्या, चकत्या होत्या, कोळंबी होती, क्रीमचा डबा होता. फळीवर लांब चपट्या पास्त्याचं पाकीट. सुट्टीच्या दिवशी ती हाच पदार्थ झटपट करायची आणि हा बाजूला उभा राहून बोलणी खायचा. त्यामुळे कृती त्याला तोंडपाठ होती, फक्त ती बोलण्यांच्या रूपात होती. पाणी ठेवताना आठवलं, "मीठ आधी! नंतर वरून भुरभुरवून काय उपयोग?" त्याने मीठ आधी घातलं. कोळंबी हातात घेताच आठवलं, "पाठीतला काळा दोरा कोण काढणार, माझे मामा?" त्याने एकेक दोरा सुरीच्या टोकाने काढला. असं आपल्याच बायकोला मनातल्या मनात ओरडायला लावून तो पुढे सरकत होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कांदा कुठेच नव्हता.

ती कामावरून येऊन दारात उभी होती. पाहुणे येणार हे त्याने तिला फोन करून कळवलं होतं. शेगडी, घामाघूम नवरा, सांडलेलं पीठ, सगळं तिनं एकवार पाहिलं. पीठ कशाला काढलं होतं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"कृपया इकडे लक्ष द्या," ती गोड आवाजात म्हणाली. "फलाट क्रमांक एकवरील पास्ता लवकरच उतरवण्यात येईल. फलाट क्रमांक दोनवरील लसूण करपण्याच्या मार्गावर आहे."

त्याने झडप घालून गॅस बारीक केला. लोण्यात लसूण सोनेरी झाला होता, वाचला. त्यात कोळंबी पडली, गुलाबी झाली, बाहेर निघाली. मग माकूळ.

"माकूळ ही अतिजलद सेवा आहे. तव्यावर अधिक काळ थांबणार नाही याची नोंद घ्यावी."

"अगं, मग नीट सांग ना, किती वेळ!" तो ओरडला.

"चौकशीसाठी खिडकीवर संपर्क साधावा," ती म्हणाली आणि खरंच खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

तिथवर जायला त्याला सवड नव्हती. त्याने अंदाजाने माकूळ काढला, क्रीम ओतलं, पास्त्याचं वाटीभर पाणी राखून ठेवून बाकीचं मोरीत सोडलं. क्रीम घट्ट होऊ लागलं तसं राखलेलं पाणी त्यात घातलं, वर पास्ता, कोळंबी, माकूळ आणि भरपूर मिरपूड. गॅस बंद करून लिंबू पिळलं आणि त्याच क्षणी बेल वाजली.

"पाहुणे दाखल होत आहेत," दिवाणखान्यातून सूचना आली.

साहेब आले ते कान टवकारूनच. बाईसाहेबांनी, म्हणजे साहेबांच्या बायकोने, घरभर नजर फिरवली आणि फळीवरच्या भांड्यांवर ती जरा रेंगाळली. सूचनाबाईने दोघांना बसवलं. "आपलं हार्दिक स्वागत आहे. भोजन व्यवस्था डाव्या बाजूला आहे. पाण्याचे पेले भरलेले आहेत."

साहेब बायकोकडे वळले. "घरीही तोच आवाज! बघ!" पण त्यांचा चेहरा पडला होता. खेळ बघायला आलेल्या माणसाला प्रार्थना ऐकावी लागली तर दुसरं काय होणार? पास्ता वाढला गेला. दोन घास पोटात जाताच साहेबांना धीर आला. "वहिनी, हे काय बरोबर नाही. तो दुसरा आवाज ऐकवा ना! आम्ही एवढ्या लांबून आलोय. एकदाच. एखादं भांडं खाली येईल असा."

ती ताटातली कोळंबी काट्याने इकडून तिकडे सारत राहिली. तिचे कान लाल झाले होते. लिफ्टवाल्याने ते पाहिलं आणि त्या रात्रीचं तिचं हसणं त्याला आत्ता कळलं. त्याला स्वतःची लाज वाटली. हात जोडून काय काय म्हणायचं ते सगळं पाठ केलेलं होतं, ते तो एका झटक्यात पार विसरला.

"साहेब, तसा आवाज नाहीच," तो उभा राहून म्हणाला. "मी खोटं बोललो. हिचा आवाज कधी चढतच नाही. इतक्या वर्षांत हिने मला एका शब्दाने दुखवलं नाही. मीच आपला चार लोकांत फुशारकी मारायला..."

साहेबांनी काटा खाली ठेवला. पण बोलल्या त्या बाईसाहेब, आणि अगदी मनापासून बोलल्या. "म्हणजे या गरीब बाईची तुम्ही फुकट बदनामी केलीत? आम्हाला हसवायला? काही जनाची नाही, मनाची तरी? देवासारखी बायको मिळाली आणि तुम्ही तिचे असे धिंडवडे काढता? माझ्या नवऱ्याने असं केलं असतं तर मी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं! आळशी तर दिसताच आहात, वर खोटारडे..."

"ओ बाई!"

खिडकीची तावदानं थरथरली. वरच्या मजल्यावर एक खुर्ची सरकली. साहेबांच्या काट्यावरचा पास्ता घरंगळून त्यांच्या मांडीवर पडला आणि तिथेच राहिला.

"त्यांना कशाला बोलता?" सूचनाबाई उभी होती. "मी मेलेय का बोलायला? आळशी कुणाला म्हणता? रविवारीसुद्धा लोकांच्या लिफ्टमध्ये लटकत असतो तो माणूस! माझ्या नवऱ्याला बोलायचं तर मी बोलेन, दुसऱ्या कुणाचं काम नाही ते!" आणि ती तशीच नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही! खोटं कशाला बोललात? चढत नाही म्हणे आवाज! कसा चढत नाही? चढतो! आणि तो नळ? अजून टपकतोय! ते पीठ कशाला काढलंत, पास्त्याच्या पोळ्या लाटणार होतात? टॉवेल सारखा पलंगावर पडतो तो काय गादीला थंडी वाजते म्हणून? सगळं साठलंय माझ्यापाशी, एकेक करून ऐकावं लागेल, आज सुट्टी नाही तुम्हाला!"

बाईसाहेब खुर्चीत खिळल्या होत्या. साहेब, एवढ्या लांबून जे ऐकायला आले होते ते ऐकून, हळूच बायकोला म्हणाले, "निघू या का?" आणि मांडीवरचा पास्ता रुमालात गुंडाळून घेत दोघं निघाले. त्यांना दारापर्यंत सोडायला कुणी गेलं नाही. पाहुण्यांच्या बाबतीत इतका उद्धटपणा या घरात पूर्वी कधी झाला नव्हता, आणि नवऱ्याला तर त्याची जाणीवच नव्हती. तो खांबासारखा उभा होता आणि त्याचा चेहरा वेड्यासारखा फुलला होता.

"हसताय काय?" ती कडाडली. मग तिचा श्वास लागला आणि ती खुर्चीत बसली. पुन्हा बोलली तेव्हा आवाज उतरला होता, पण तो घरचाच होता. "तुम्हाला माहितीय, त्या काचेच्या खोलीत मी दिवसभर बोलते. इतक्या वर्षांत एका माणसाने उत्तर दिलेलं नाही. गोड आवाज म्हणतात सगळे. गोड नाही हो तो, एकटा आहे. घरी आल्यावर मी बोलते तेव्हा कुणीतरी उलट बोलतं. मग चढणार नाही आवाज? आणि तुम्ही तेच लोकांना हसायला दिलंत."

त्याला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. माफीचं, प्रेमाचं, जन्मभर लक्षात राहील असं. गळ्याशी आलंही होतं. पण ती डोळे पुसत त्याच्याकडे पाहत होती, आणि ती कशाची वाट पाहतेय हे त्याला आता पुरतं कळलं होतं. त्याने खुर्ची ओढली, तिच्या ताटातली माकुळाची एक चकती तोंडात टाकली आणि चावता चावता म्हणाला, "पण माकूळ तुझ्यापेक्षा मऊ झालाय."

"मऊ?" ती ताडकन उठली. "चपलेचा तळवा झालाय, तळवा!"

"तुझा मागच्या वेळी झाला होता!"

"माझा?"