ओला सांधा

...तर देवराम तांबट लायसनच्या परीक्षेला तिसऱ्यांदा निघाला, इथवर काल गाडी आली होती. साल अठ्ठावन्न, शहर जयपूर. देवराम मूळचा कराडकडचा, चौथीतून उठलेला. नळाच्या कामात हात असा की पार गावाबाहेरच्या झोटवाड्याहून बोलावणं यायचं. पण लायसन नाही, म्हणून रस्त्यातल्या मोठ्या लाइनीला हात लावायची बंदी! दोन्ही खेपेला एकाच प्रश्नावर आपटला: प्लंबर म्हणजे काय? हा म्हणाला, "नळवाला." साहेब लोक हसले.

बायको अनुसया म्हणाली, "अवो, शब्दावाचून पाणी थांबतंय व्हय?"

"पाणी न्हाय गं, लायसन थांबतंय."

मग त्याने कॉलेजातल्या जयंतरावांना गाठलं. ते म्हणाले, "अरे, जुन्या रोमन लोकांच्या भाषेत शिसं म्हणजे प्लुंबुम. त्यांचे नळ शिशाचे. शिशाचं काम करणारा तो प्लंबर."

देवराम हरखलाच. बिडाच्या पाइपात पाइप घालायचा, फटीत सुतळी ठासायची, वर वितळलेलं शिसं ओतायचं, हा तर बापाचा धंदा! त्यातच म्हाताऱ्याचा डावा डोळा गेलेला. सांध्यात ओल राहिली आणि शिसं तोंडावर उडालं.

"म्हंजी आमचा म्हातारा प्लंबर व्हता, आन त्याला कुणी सांगितलंच न्हाय!"

या खेपेचे साहेब नागपूरकडून बदलून आलेले. देवरामने अर्थ घडाघडा सांगितला. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "बोलणं झालं. आता सांधा करून दाखव. अर्धा तास."

पाइपात पाइप बसला, सुतळी ठासून झाली, शिसं वितळलं. देवराम पळी घेऊन वाकला आणि थबकला. सुतळीला बोट लावलं. ओली! पाइप कुणी शहाण्याने नुकतेच धुऊन ठेवले होते.

"ओत ना बे!"

"ओलं हाय, साहेब."

"घड्याळ चाललंय, मतलब तुझंच नुकसान."

"चालू द्या."

त्याने सुतळी उपसून फेकली. चिंध्या पेटवून पाइपाचं तोंड तापवलं, आतून हात फिरवला, पुन्हा तापवलं. कोरडी सुतळी मागून घेतली. तोवर अर्धा तास उलटून गेला. शिपाई म्हणाला, "भैया, उठो." देवराम उठला नाही. सावकाश शिसं ओतलं, छिन्नी-हातोडीने गोल ठोकत आणलं आणि म्हणाला, "सोडा पाणी."

सोडलं. थेंब म्हणून गळला नाही. साहेबांनी सांध्यावरून रुमाल फिरवला, कोरडाच्या कोरडा. लायसनवर सही झाली हो, उगाच कशाला ताणा! पण कागद हातात देताना साहेबांना राहवलं नाही. "तिसरी खेप होती तुझी. वेळेत ओतून मोकळा का नाही झालास?"

देवराम म्हणाला, "लायसन काय, चौथ्या खेपेला बी मिळंल, साहेब. डोळा न्हाय मिळत."