दुसरा ब्रेक

गाडी शिकायला येणारी मंडळी माझ्या बायकोला पाठीमागे 'ब्रेकबाई' म्हणतात. तिच्या शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपाशीही एक ब्रेक आहे आणि तिचा पाय त्यावरून हलत नाही. टीव्हीवर गाडी धावली तरी ती फरशी दाबते. मी चेष्टा करायचो, "अगं, भोक पडेल फरशीला." तिला हसू यायचं नाही.

सहा वर्षांची असताना तिने खेळता खेळता बाबांच्या हातातलं स्टिअरिंग ओढलं, गाडी झाडावर आदळली आणि धाकटा भाऊ गेला. तिला स्वतःला यातलं काहीच आठवत नव्हतं. घरच्यांनी सांगितलं होतं. लग्नाआधीच तिने मला बजावलं, "मूल नको. माझ्या हातून पुन्हा काही व्हायला नको." मी मान डोलावली. कुणी बाळ पुढे केलं की ती हात मागे घ्यायची.

परवा सासऱ्यांना लायसन्स नव्याने काढायचं होतं. पंचाहत्तरी झाली, थोडा सराव हवा म्हणाले. जेवणं उरकून तिच्या शिकवणीच्या गाडीतून निघालो. ते चालवायला, शेजारी ती, मागे मी आणि सासूबाई. रस्ता सरळ, रिकामा. गाडी हळूहळू कडेच्या खांबाकडे सरकू लागली आणि बायकोने करकचून ब्रेक दाबला.

सासरे दचकून जागे झाले. "डुलकी लागली गं. तेव्हाही अशीच लागली होती."

"तेव्हा म्हणजे?" ती म्हणाली. "मी स्टिअरिंग ओढलं नव्हतं?"

त्यांनी जीभ चावली. मग उलट चिडूनच म्हणाले, "तुला पोरीला कोण काय करणार होतं? माझी ड्रायव्हरची नोकरी गेली असती!"

"आई, तुला माहीत होतं?"

सासूबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. "लहान होतीस. वाटलं, विसरशील."

माझं डोकं सणकलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, आणि याच बाई दर भेटीत विचारायच्या, पाळणा कधी हलणार म्हणून!

बायकोने हात लांबवून किल्ली काढली, खिशात टाकली. "टॅक्सी पाठवते तुम्हाला," एवढंच बोलून उतरली. मीही उतरलो. टॅक्सी बोलावून आम्ही चालत निघालो. घर जवळ आल्यावर तिने विचारलं, "मी किती वर्षांची रे आता?"

तिला माहीत होतं. तरी मी सांगितलं, "एकोणपन्नास."